मदरबोर्ड आणि पपईचे पैसे

या लेखाचा हेतू भांडण काढणे हा आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. बँकेतल्या माणसाने मुद्दल आधी सांगावे, व्याज नंतर. माझे भांडण आहे ते, विमान चालवण्याच्या कॉम्प्युटरसाठी चाळीस-पन्नास हजारांचा मदरबोर्ड घ्यावाच लागतो असे छातीठोकपणे सांगणाऱ्या समस्त विद्वानांशी. यात दुकानदार आले, पुण्याचे नातेवाईक आले आणि स्वतःच्या खोलीत जांभळे दिवे लावून व्हिडिओतून जगाला उपदेश करणारी ती पोरेही आली. या मंडळींना एकदा कळसाडीला आणावे, पपईच्या बांधावर उभे करावे आणि विचारावे, की बाबा रे, यातली किती झाडे म्हणजे तुझा एक मदरबोर्ड?

आता तुम्ही म्हणाल, कळसाडी कुठे आणि विमान कुठे! बरोबर आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा निघाला. भावाभावांच्या वाटणीत व्हायचे तेच झाले. आम्हाला सातपुडा मिळाला, मिरची मिळाली, प्रकाशाचा तापीकाठ मिळाला आणि धुळ्याची धावपट्टी धुळ्याकडे राहिली. आमच्याकडे विमान दिसते ते आभाळात पांढरी रेघ ओढत जाणारे, सुरतेकडे चाललेय की इंदूरकडे, तेही न सांगणारे. माझा भाचा त्या रेघा बघत मोठा झाला. बारावी सायन्सला आहे. आपण वैमानिक व्हायचे, हे त्याने ठरवले आहे, आणि तोवर घरी विमान चालवता येईल असा कॉम्प्युटर हवा, हे त्याने ताईकडून मंजूर करून घेतले आहे. दाजींनी पपईचे सव्वा लाख बाजूला काढले. हे पैसे कसे येतात हे तुम्हाला ठाऊक नसेल तर एकदा हंगामात शहाद्याच्या बाजूला या आणि व्यापारी व शेतकरी यांच्यात किलोच्या भावावरून चाललेली बोलणी ऐका. पन्नास पैशांसाठी दोन दिवस तोड बंद राहते हो. आणि आमच्या विद्वानांचा बोर्ड पंधरा मिनिटांत चाळीस हजारांवर जातो.

मामा बँकेत, मामा बी.कॉम., म्हणून कॉम्प्युटरची चौकशी मामाकडे आली. बँकेतला कारकून दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो म्हणजे त्याला कॉम्प्युटरातले कळते, असा एक गोड समज आहे. दिवसभर म्हशीपुढे बसणाऱ्याला गुराचा डॉक्टर म्हणण्यातला हा प्रकार. तरीपण मी अभ्यास केला. व्याजाची आकडेमोड करणाऱ्या माणसाला एक गोष्ट जमते. कोणत्या कलमात पैसा मुरतोय, ती ओळ त्याच्या बोटाखाली आपोआप येते.

तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराने अंदाजपत्रक करून दिले. नाव सांगत नाही, शेठ माणूस चांगला आहे, चहा पाजतो. अंदाजपत्रकात मदरबोर्ड बेचाळीस हजार. प्रोसेसर सतरा हजार. मेमरी सोळा जीबीची, तीही एकच पट्टी. म्हणजे एका चाकाची बैलगाडी. ग्राफिक्स कार्ड अठ्ठावीस. दिव्यांचा काचेचा डबा नऊ हजार. पाण्याने थंड करणारा पंप तेरा हजार, आणि त्या पंपाच्या डोक्यावर बोटभर रुंदीचा रंगीत पडदा. डिस्क आणि वीजपुरवठ्याचा डबा धरून एकूण बरोबर एक लाख पंचवीस हजार. म्हटलं, शेठ, मॉनिटर कुठाय? शेठ म्हणाले, "तो नंतर बघू." म्हणजे विमान त्या पंपाच्या पडद्यावर उडवायचे असावे!

"पण साहेब, मदरबोर्ड मजबूत पाहिजे. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे लोड असतो. आणि पुढची दहा वर्षं बघायला नको."

हे 'पुढची दहा वर्षं' मी गेली वीस वर्षे ऐकतो आहे. ट्रॅक्टरच्या कर्जाच्या प्रकरणात हेच वाक्य असते, विहिरीच्या प्रकरणात हेच असते, लग्नाच्या हॉलच्या बाबतीत तर असतेच. आता या दहा वर्षांचा हिशोब बघा. एएमडीचा एएम ४ हा खाचा २०१६ साली आला, एएम ५ आला २०२२ साली, आणि जुन्या बोर्डात नवा प्रोसेसर बसत नाही, जुनी मेमरी तर नाहीच नाही. इंटेलवाल्यांचा खाचा २०२१ साली बदलला आणि २०२४ साली परत बदलला. बेचाळीस हजारांचा बोर्ड असो की बारा हजारांचा, खाचा तोच. खाचा बदलला की दोन्ही बोर्ड एकाच दिवशी विधवा. दहा वर्षांची तरतूद पैशाने होत नाही, आणि झालीच तर ती कंपनीच्या मर्जीने होते. एएम ५ निदान २०२७ पर्यंत चालवू असे एएमडीने सांगितले आहे, तेवढ्यावर विश्वास ठेवून आम्ही तो खाचा घेतला. त्या शब्दाला दोन्ही बोर्ड सारखेच बांधलेले, त्याचे वेगळे तीस हजार कशाला?

मुळात मदरबोर्ड करतो काय, हे कोणी सांगतच नाही. तो काहीही मोजत नाही. मदरबोर्ड म्हणजे बँकेची इमारत. प्रोसेसर म्हणजे मॅनेजर, मेमरी म्हणजे मॅनेजरचे टेबल, डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे दर्शनी काउंटरवरची ती बाई, जिच्याकडे बघून लोक बँकेविषयी मत बनवतात. इमारतीला संगमरवर लावला म्हणून चेक लवकर पास होत नाही. चिपसेटच्या अक्षरावरून एवढेच ठरते, की काउंटर किती, खिडक्या किती आणि मागच्या दाराला कुलूप कसले. 'एक्स' म्हणजे भरपूर खिडक्या, 'बी' म्हणजे बेतशीर, 'ए' म्हणजे गरीब शाखा. एका मॅनेजरच्या, एका कार्डाच्या आणि दोन डिस्कच्या शाखेला 'बी' पुरून उरते. आमच्या घरात अजून एकच डिस्क आहे.

विमानाचा खेळ कशाने अडतो, हे मात्र समजून घ्यायला पाहिजे. बाकीचे गेम ग्राफिक्स कार्डाला घाम फोडतात. विमानाचा सिम्युलेटर मॅनेजरला छळतो. वारा किती, पंखावर हवा कशी, इंजिनाचे तापमान, विमानतळावर उभी असलेली इतर विमाने, असली शेकडो कलमे सेकंदाला अनेकदा मांडायची, आणि त्यातले बरेचसे काम एकाच कारकुनाच्या गळ्यात. म्हणून त्या कारकुनाच्या हाताशी मोठा खण असला की फरक पडतो. त्या खणाला कॅश म्हणतात. रोकड नव्हे, ते स्पेलिंग वेगळे. रायझन ७८०० एक्स थ्रीडी नावाच्या २०२३ च्या प्रोसेसरात हा खण ९६ एमबीचा आहे. सिम्युलेटर चालवणारे लोक त्याच्या मागे का लागतात, त्याचे हे कारण. तो घ्यायला सदतीस हजार लागले. ते कुठून आले? बोर्डातून आले, पंपातून आले, काचेच्या डब्यातून आले. बत्तीस जीबी मेमरीच्या दोन पट्ट्या नऊ हजारांत आल्या. ही गोष्ट २०२५ च्या उन्हाळ्याची. त्याच वर्षाच्या अखेरीस मेमरीचे भाव असे चढले की लासलगावचा कांदाही लाजावा. मेमरी नंतर वाढवू, बोर्ड आधी भारी घेऊ, असे म्हणणाऱ्यांनी त्या वेळी काय केले ते मला विचारायचे आहे.

"पण साहेब, व्हीआरएम?" हा शेठचा ब्रह्मास्त्र-प्रयोग. व्हीआरएम म्हणजे डब्यातून येणारी १२ व्होल्टची वीज प्रोसेसरला झेपेल एवढी बारीक करून देणारी बोर्डावरची टोळी. ती भक्कम हवी हे खरे. पण भक्कम कशासाठी? हा प्रोसेसर कागदावर १२० वॅटचा. ताईचा मिक्सर ५०० वॅटचा आहे, आणि तो शेंगदाण्याचा कूट करतो. साध्या 'बी ६५०' जातीच्या, व्हीआरएमवर ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवलेल्या, साडेबारा हजारांच्या बोर्डाला १२० वॅट म्हणजे काहीच नाही. उलट २०२३ साली याच जातीचे काही प्रोसेसर जळाले, ते बोर्ड गरीब होते म्हणून नव्हे. बोर्डानेच व्होल्टेज वाजवीपेक्षा जास्त चढवले म्हणून. त्यात महागडे बोर्डही होते. शेवटी नवे बायोस काढून त्या व्होल्टेजला १.३ ची वेसण घालावी लागली. श्रीमंताघरच्या पोराला जास्त खाऊ घालून अजीर्ण होते, तसला प्रकार.

मी बोर्ड पाहिला तो मागच्या बाजूने. सोयरीक जुळवताना आपल्याकडे घराचे परसदार बघतात, तसे. मागे यूएसबीची भोके किती, हे मी मोजले. विमानवाल्याला भोके लागतात. दांडा एक, गॅसचा खटका एक, पायाची पेडल्स एक, माउस, कीबोर्ड, हेडफोन, झाली सहा. पुढे कुठे मान वळवली की दृश्य वळवणारे यंत्र आले की सात. आमच्या बोर्डाला मागे आठ होती, घेतला. दुसरे, बायोस फ्लॅशबॅकचे बटन. प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बोर्डाचा बायोस नवा करता येतो, ते हे बटन. पुण्यात ही चैन असेल, तिथे शेजारच्या दुकानातून जुना प्रोसेसर तासाभरासाठी आणता येतो. आमच्याकडे शेजारच्या दुकानात युरिया मिळतो. आणि तिसरे म्हणजे वायरचे इंटरनेट. एवढे बघितले आणि दिवे बघितले नाहीत. बोर्डावर दिवे नव्हतेच. शेठला वाईट वाटले.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते भांडणातलेच आहे. 'खेडेगावात असली थेरं कशाला, विमान हे मोठ्या लोकांचे काम,' असे म्हणणारे दुसरे एक पथक आहे, आणि ते आमच्याच ओट्यावर बसते. त्यांच्यासाठी सांगतो. विमान न उडवता विमान शिकवणारे एक चलते यंत्र अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या गृहस्थाने १९२९ साली तयार केले. हा कोण? ऑर्गन बनवणाऱ्याचा मुलगा! बापाच्या कारखान्यातले भाते आणि झडपा घेऊन त्याने एक डबा असा बसवला, की आत बसलेल्याने दांडा हलवला की डबा डोलावा. म्हणजे आपल्या भजनी मंडळातल्या पेटीची ही अमेरिकन चुलत बहीण. लोकांनी ते जत्रेतले खेळणे ठरवले. १९३४ साली टपाल वाहून नेण्याचे काम अमेरिकन लष्कराच्या गळ्यात पडले, ढगाळ हवेत, रात्री वैमानिक पटापट मरायला लागले, तेव्हा लष्कराने तीच खेळणी विकत घेतली. घरच्या कॉम्प्युटरवरचा खेळ ब्रूस आर्टविक यांच्या हातचा, मायक्रोसॉफ्टच्या नावाने तो १९८२ साली आयबीएमच्या कॉम्प्युटरवर आला. आणि मोठ्या लोकांचे काम म्हणाल तर अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. गच्चीवर! २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडले, २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर उडवले. आमच्या ओट्यावरच्या पथकाला गच्चीवर पापड वाळवण्यापलीकडे काही सुचलेले मी पाहिलेले नाही.

असो. सामान आले. आता जोडणी. इथेही विद्वान लोक घाबरवतात, की हे काम तज्ज्ञाचेच. मी सांगतो, दिवाळीचा आकाशकंदील ज्याने एकदा बांधला आहे त्याला हे जमते. बोर्डाच्याच खोक्यावर बोर्ड ठेवावा. प्रोसेसरचा सोनेरी त्रिकोण खाच्यावरच्या त्रिकोणाशी जुळवावा आणि सोडून द्यावा, दाबू नये. एएम ५ मध्ये टाचण्या बोर्डात असतात, एक वाकडी झाली की बारा हजार वाकडे. मेमरीच्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या फटीत. पहिल्या दोन फटी रिकाम्या दिसल्या की लोक तिथेच ठोकतात, रिकामी जागा दिसली की बसायचे हा एसटीतला संस्कार. डब्यात पितळेचे बुटके खांब आधी लावावेत, त्यांच्यावर बोर्ड, नाहीतर बोर्डाची पाठ पत्र्याला टेकून सगळे थंड होते. वरच्या कोपऱ्यात आठ पिनांची प्रोसेसरची वेगळी वायर असते, ती विसरली की पंखे फिरतात आणि बाकी काही होत नाही. हे पुष्कळ सरकारी कचेऱ्यांत मी पाहिले आहे. आणि मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डात लावायची, बोर्डात नव्हे. बोर्डात लावली तर अठ्ठावीस हजारांचे कार्ड पगारी रजेवर जाते.

एवढे करून दाजींनी नारळ फोडला आणि बटन दाबले. पंखे फिरले. पडदा काळा.

एक मिनिट गेले. "मामा, काहीच दिखत नही!" भाचा म्हणाला. दोन मिनिटे गेली. दाजी उठून उभे राहिले, "पैसा पानीमा ग्यात," एवढेच बोलले आणि माझ्याकडे न बघता टोपी झटकली. ताईने देव्हाऱ्याकडे पाहिले. शेजारचे सहा जण खिडकीत. पुण्याचा आतेभाऊ फोनवरून ओरडत होता, "मी सांगितलं नव्हतं? स्वस्तातला बोर्ड! परत करून टाक आजच्या आज!" मी म्हटलं, कोणी हात लावू नका. पाच मिनिटे गेली असतील. मग पडद्यावर बोर्डाच्या कंपनीचे नाव उमटले आणि खिडकीतून टाळ्या पडल्या.

यात चमत्कार काही नाही. डीडीआर ५ मेमरी पहिल्यांदा लावली की बोर्ड तिची ओळख करून घेतो, कुठल्या वेगाला ती स्थिर राहते ते तपासतो. बत्तीस जीबीला त्यात काही मिनिटे जातात. नव्या खातेदाराची केवायसी. बोर्ड बेचाळीस हजारांचा असला तरी हीच केवायसी करतो. पण हे खोक्यावर कोणी ठळक छापत नाही, आणि या पाच मिनिटांत घाबरून कितीतरी चांगले बोर्ड लोकांनी दुकानात परत नेले असतील. आतेभावाला हे समजावून सांगितले, तर तो म्हणाला, "तरीपण." या 'तरीपण'शी वाद घालता येत नाही.

मग बायोसमध्ये जाऊन एक्स्पो नावाची कळ चालू केली. ती नसेल तर सहा हजाराच्या वेगाची मेमरी अठ्ठेचाळीसशेवर रखडते, आणि नऊ हजार देऊन आपण सहा हजारांचा माल वापरत बसतो. विंडोजमध्ये वीज वाचवण्यासाठी यूएसबीला झोपवण्याची एक सोय असते, ती बंद केली. ही सोय मी तर गैरसोयच म्हणतो, कारण धावपट्टी समोर आलेली असताना दांडा झोपला तर प्रवाशांनी कोणाकडे बघायचे? आणि शेवटी अर्थिंग. अंगणात खड्डा खणून मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, सगळे दाजींनी स्वतः केले. सहा हजारांचा यूपीएस घेतला. आमच्याकडची वीज कधी पाव्हण्यासारखी येते, कधी जावयासारखी. बेचाळीस हजारांचा बोर्ड आणि अर्थिंग नाही, असे पुष्कळ डबे मी तालुक्यात पाहिलेत. त्यांच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, मालक म्हणतात, पॉवरफुल आहे!

इंटरनेटचे काय, हाही प्रश्न रास्त आहे. मायक्रोसॉफ्टचा २०२४ चा नवा सिम्युलेटर डिस्कवर ५० जीबीच जागा मागतो, कारण बाकीची पृथ्वी तो वायरीवरून मागवतो, त्यासाठी सेकंदाला ५० मेगाबिटचे इंटरनेट हवे म्हणतो. वायर तुटली की पृथ्वी धूसर. अशा वेळी एक्स-प्लेन बरा, त्याची जमीन एकदा डिस्कवर उतरवून ठेवली की झाले. फ्लाइटगिअर तर फुकट आहे. भाचा दोन्ही हाताशी ठेवतो. इंटरनेट असले की तो तापीवरून उडतो, प्रकाशाजवळ गोमाई तापीला मिळते तिथे वळतो आणि घरावर येतो. पहिल्यांदा त्याने दाजींना मळा दाखवला. उपग्रहाच्या चित्रावर कॉम्प्युटर आपल्या अंदाजाने घरे-झाडे उभी करतो, त्यात त्याने मळ्याच्या मध्यावर तीन मजली इमारत ठोकून दिली होती. दाजी खुर्चीतून अर्धे उठले. "हाई कोनं घर शे मन्हा वावरमा?" दुसऱ्या दिवशी ते खरोखर तलाठ्याकडे सातबारा बघून आले.

आता हिशोबातली सगळ्यात मोठी ओळ. 'एवढा कॉम्प्युटर घेतला की पोरगा पायलट झालाच समजा,' असे शेठनी दाजींना सांगितले होते, आणि मला राग आला तो या वाक्याचा. हे धादांत खोटे आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तास उड्डाण लागते, बारावीला फिजिक्स-गणित लागते, वैद्यकीय तपासणी लागते, आणि सगळा खर्च काही दशलक्ष रुपयांत जातो. घरच्या खुर्चीतले एक मिनिटही विमान वाहतूक महासंचालनालय मोजत नाही, मग बोर्ड सोन्याचा का असेना. शिरपूरला विमान शिकवणारी संस्था आहे, धुळ्याच्या धावपट्टीवर मुले शिकतात. तिथे जाण्याआधी पोराला घड्याळे वाचता यायला लागली, यादी हातात धरून एकेक कळ तपासायची सवय लागली, वारा आडवा असताना विमान कुठे सरकते ते डोळ्यांना कळले आणि मुख्य म्हणजे हे आपल्याला तासन् तास आवडते की नुसती पांढरी रेघच आवडत होती, एवढे समजले, तर सव्वा लाख वसूल. तिशी लाखांची कर्जप्रकरणे मी हाताळतो. अर्जदार वर्षाच्या आत अभ्यासक्रम सोडून परत येतो तेव्हा बापाचा चेहरा कसा असतो, ते काउंटरच्या आतल्या बाजूने दिसते.

भाच्याने गेल्या आठवड्यात आडव्या वाऱ्यात सेसना सुरतला अकरा वेळा उतरवली. नऊ वेळा गवतात गेली. तो वहीत लिहून ठेवतो, तारीख, वारा, चूक. वही माझ्या शाखेतली जुनी लेजर आहे, डेबिटच्या रकान्यात गवत आणि क्रेडिटमध्ये धावपट्टी. पेडल्स अजून घ्यायची आहेत, पुढच्या तोडीला बघू. त्यासाठी मागे दोन भोके रिकामी ठेवलेली आहेत.

ज्यांना यातले काही पटत नसेल त्यांनी आपले अंदाजपत्रक घेऊन शाखेत यावे. मी ओळीने वाचून दाखवतो. फक्त दोन ते अडीच येऊ नये, ती जेवणाची सुट्टी आहे.